पिकाला अग्रिम मिळाला, बाळाला काय?

मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मुंबई



२०२३च्या ऑगस्टमध्ये पावसाने अशी दडी मारली, की १९०१पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. महाराष्ट्रात मूग-उडीद हातचे गेले, सोयाबीनने ऐन फुलोऱ्यात माना टाकल्या. त्या वेळी शासनयंत्रणेने एक काम नेटाने केले. ज्या महसूल मंडळांत पावसाचा २१ दिवसांहून मोठा खंड पडला होता, ती मंडळे जिल्ह्याजिल्ह्यांत हुडकून काढली गेली आणि पीकविम्याच्या २५ टक्के अग्रिमासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिसूचना निघाल्या. विमा कंपन्यांनी आक्षेप घेतले, वाद झाले, पैसे पोचायला वेळ लागला, हे सारे खरे. तरीही त्यामागचे तत्त्व मोलाचे होते. पीक काढणीला येऊन तोटा मोजला जाईपर्यंत थांबायचे नाही. पावसाचा आकडा बघूनच मदतीचे पहिले पाऊल टाकायचे. त्याच मंडळांतल्या अंगणवाड्यांत दर महिन्याला वजनकाट्यावर ठेवल्या जाणाऱ्या बाळांसाठी मात्र असा कोणताही नियम नाही. त्यांच्या बाबतीत आपण वजन घटेपर्यंत थांबतो. घटले की त्याची नोंद करतो, फारच घटले की ग्राम बाल विकास केंद्रात नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतो. पाऊस बघून पिकासाठी जे करता आले ते बाळासाठीही करता येईल आणि करायला हवे, एवढे एकच म्हणणे मी या पत्रातून आपल्यापुढे मांडतो आहे.

पाऊस आणि लहान मुलांची वाढ यांचा संबंध आता निव्वळ तर्काचा राहिलेला नाही. झिम्बाब्वेतल्या १९९४-९५च्या दुष्काळाचा मुलांवर काय परिणाम झाला, हे जॉन हॉडिनॉट आणि बिल किन्सी यांनी मोजले. वयाच्या दुसऱ्या वर्षात ज्यांच्यावर हा दुष्काळ आला ती मुले उंचीत दीड ते दोन सेंटिमीटरने मागे राहिली. आकडा किरकोळ वाटेल. पण या वयात निरोगी बाळ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे दीड-दोन महिन्यांची वाढच झाली नाही, आणि ती तूट पुढे पुरती भरूनही निघाली नाही. त्याहून थोड्या मोठ्या मुलांच्या वाढीला मात्र तसा फटका बसला नव्हता. इंडोनेशियात शॅरन मॅकिनी आणि डीन यांग यांनी १९५३ ते १९७४ या काळात खेड्यांत जन्मलेल्यांचा अभ्यास केला. ज्या मुलींच्या जन्मवर्षी सरासरीपेक्षा २० टक्के जास्त पाऊस झाला होता, त्या मोठेपणी सरासरी अर्ध्या सेंटिमीटरहून थोड्या अधिक उंच भरल्या आणि शाळाही थोडी जास्त शिकल्या. मुलग्यांच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. याचा अर्थ उघड आहे: घरात कमी पडले की आधी मुलीच्या ताटात कमी पडते. आपल्या देशातला पुरावा तर आणखी कठोर आहे. एलेना रोझ यांच्या १९९९च्या अभ्यासात दिसले, की ग्रामीण भारतात जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत पाऊसमान चांगले राहिले, तर मुलग्यांच्या तुलनेत मुली जगण्याचे प्रमाण वाढते. पाऊसपाण्याचा हिशेब मांडताना हेही एक पीक त्यात धरायला हवे.

पण दुष्काळ हा या गोष्टीचा फक्त अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा दरवर्षी घडतो, पाऊस अगदी वेळेवर आणि पुरेसा पडला तरी घडतो, आणि म्हणूनच तो कोणत्याही टंचाईच्या अहवालात येत नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडचे वर्ष नजरेसमोर आणावे. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. भट्टीवरून आणलेल्या पैशातला मोठा वाटा आधीच घेतलेल्या उचलीत फिटलेला असतो. मृगात राबात भाताचा पेरा होतो, आषाढात आवणी सुरू होते. आई उजाडताच शेतावर जाते आणि दिवसभर वाकून चिखलात रोपे लावते. अंगावर पिणारे सात-आठ महिन्यांचे बाळ घरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. एरवी दिवसातून सात-आठ वेळा दूध पिणारे बाळ पहाटे आणि रात्री तेवढे पिते. सरपण ओले, त्यामुळे चूल एकदाच पेटते. सकाळी शिजवलेला भात किंवा पेज दमट हवेत संध्याकाळपर्यंत पुरवली जाते. ओहोळाचे आणि उघड्या विहिरीचे पाणी गढूळ झालेले असते. जुलाब लागतात. जुलाब लागलेले बाळ खात नाही, खाल्ले तर आतड्यांत ते पुरते शोषले जात नाही, आणि शरीर सावरायच्या आत ताप-खोकल्याची पाळी येते. आवणी संपली की मजुरीही संपते. श्रावण-भाद्रपदात शेतात तण काढण्यापुरते काम, रोजगार हमीची मातीकामे पावसामुळे बंद, आणि नवे भात दसरा-दिवाळीला येणार. कणगी रिकामी असते ती नेमकी याच दिवसांत.

या महिन्यांत रान मात्र भरभरून देते, हे विसरून चालणार नाही. शेवळा, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शिवाय ओहोळातले मासे आणि खेकडे. मोठ्या माणसाला यातून लोह आणि जीवनसत्त्वे मिळतात, आणि आदिवासी समाजाचे हे ज्ञान जपायलाच हवे. वर्षाच्या बाळाची अडचण वेगळी आहे. त्याचे पोट लहान असते, पालेभाजीने ते भरते पण त्यातून उष्मांक फार थोडे मिळतात. त्याला थोडक्या घासांत जास्त ताकद देणारे तेल, शेंगदाणा, डाळ, अंडे, दूध हवे असते, आणि पावसाळ्यात घरातून आधी नाहीसे होतात ते हेच पदार्थ. दुसऱ्या वर्षात निरोगी बाळाचे वजन महिन्याला साधारण २०० ग्रॅमने वाढते. ते जुलै ते सप्टेंबर वाढलेच नाही, तर तीन महिन्यांत ६०० ग्रॅमची तूट पडते आणि दंडाला गुंडाळलेली पट्टी साडेबारा सेंटिमीटरवरून साडेअकराच्या लाल पट्ट्याकडे सरकू लागते. तेवढ्यात दिवाळी येते, नवे भात येते, वजन थोडे सावरते, आणि कुटुंब पुन्हा भट्टीची वाट धरते. अशा दोन-तीन पावसाळ्यांत गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे पहिले हजार दिवस सरतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात हाच पावसाळा, जून ते ऑक्टोबर, भुकेचा हंगाम म्हणून ओळखला जातो. तिथे केनेबा आणि आसपासच्या गावांत कित्येक दशके जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांवरून दिसले, की भुकेच्या हंगामात जन्मलेली माणसे ऐन तारुण्यात अकाली मरण्याचे प्रमाण सुगीच्या हंगामात जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण माझ्या मते आपल्या कामाचा पुरावा दुसराच आहे. तिथे गरोदर बायकांना शेंगदाण्याची ताकदवान बिस्किटे देऊन बाळांची जन्मवजने तपासली गेली. १९९७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुगीच्या हंगामात या बिस्किटांमुळे जन्मवजन सरासरी ९४ ग्रॅमने वाढले होते. भुकेच्या हंगामात तीच बिस्किटे दिल्यावर ते २०१ ग्रॅमने वाढले. खाऊ तोच, देणारी माणसे तीच, परिणाम दुपटीहून अधिक. पोषण आहारावर खर्च होणारा रुपया कोणत्या महिन्यात खर्च होतो यावर त्याचे फळ ठरते, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे दुसरे आकडे माझ्या पाहण्यात नाहीत. आपल्या योजनांमध्ये मात्र जुलैचा आहार आणि जानेवारीचा आहार सारखाच असतो. अंगणवाडी आर्थिक वर्षाच्या हिशेबाने चालते आणि मुलांची भूक नक्षत्रांच्या.

आता कमी पावसाच्या वर्षाकडे वळतो, कारण तिथे एक संधी आहे आणि ती आपण दरवेळी घालवतो. मराठवाडा आणि पश्चिम विदर्भात शेत थेट ताटात येत नाही, ते सोयाबीन-कापसाच्या पैशातून येते. त्यामुळे पावसाची ओढ आणि मुलाची उपासमार यांच्यात अंतर असते. ऑगस्टात खंड पडतो, उत्पन्न बुडाल्याचे दिवाळीला कळते, दूध-अंडी-डाळ हिवाळ्यात कमी होते, ऊसतोडीला किंवा शहराकडे जाणारी कुटुंबे नेहमीपेक्षा लवकर निघतात आणि जास्त माणसे घेऊन निघतात, मुलांची नावे एका गावच्या अंगणवाडीत राहतात आणि मुले दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर असतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी बायकांची पायपीट वाढते. आणि पुढचा पावसाळा येतो तेव्हा ही मुले आधीच खंगलेली असतात. म्हणजे पर्जन्यमापकाने धोक्याची सूचना दिल्यापासून तो धोका वजनकाट्यावर उतरेपर्यंत आपल्या हातात चांगले तीन ते सहा महिने असतात. रोगाच्या साथीत कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला इतका अवधी मिळत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते घ्यावेत असेच आहेत. पहिला असा, की स्वस्त धान्य दुकानातून प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य मिळते, २०२३च्या जानेवारीपासून तर ते मोफत आहे. मग पावसाचा आणि भुकेचा संबंध राहिलाच कुठे? या धान्याने मोठी कामगिरी केली आहे. १९७२च्या दुष्काळात लोकांना मिलो आणि सुकडीवर दिवस काढावे लागले, तशी वेळ आज येत नाही, याचे बरेचसे श्रेय या व्यवस्थेला आहे. पण गहू-तांदळाने मोठ्यांची भूक भागते. वर्षाच्या बाळाच्या वाढीला जे लागते ते या पोत्यात नाही. शिवाय जुलाब, आईचा शेतात जाणारा वेळ आणि एकदाच पेटणारी चूल यांवर धान्याचा इलाज चालत नाही. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. कुपोषणाची मुळे गरिबीत, कमी वयातल्या लग्नांत, आईच्या स्वतःच्या पोषणात, स्वच्छतेच्या अभावात आहेत. पावसाचे नाव पुढे केले की या सगळ्यांवर पांघरूण पडते, असे म्हणणारे लोक या क्षेत्रात कळकळीने काम करणारे आहेत. त्यांना माझे उत्तर असे. ज्या घरात बाळाचे वजन सप्टेंबरात घटते आणि फेब्रुवारीत सावरते, त्या घरातली गरिबी, आईचे लग्नाचे वय आणि शौचालय या पाच महिन्यांत बदललेले नसते. बदलतो तो हंगाम. गरिबीमुळे मूल काठावर उभे असते, पण ते कोणत्या महिन्यात ढकलले जाणार हे हंगाम सांगतो. गरिबी हटवायला पिढी लागेल. येत्या आषाढाची तारीख मात्र आपल्याला आजच ठाऊक आहे.

तिसरा आक्षेप शासनाच्या बाजूने येईल: हे सगळे आम्ही करतोच. त्यात तथ्य आहे. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ साली चव्हाट्यावर आले, आणि त्यानंतर १९९५मध्ये नवसंजीवन योजना आली. पावसाआधी दुर्गम गावांत धान्य आणि औषधे पोचवणे, फिरती वैद्यकीय पथके ठेवणे हे तिचे भाग होते. पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांसाठी आदिवासी कुटुंबांना १९७८पासून खावटी कर्ज मिळत होते. ते बंद पडले, आणि करोनाच्या वर्षी चार हजार रुपयांच्या खावटी अनुदानाच्या रूपात एकदाच परतले. २०१५पासून अनुसूचित क्षेत्रांत अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना गरम जेवण आणि २०१६पासून बालकांना अंडी-केळी दिली जातात. म्हणजे हंगामी भुकेची जाण शासनाला होती, निदान आदिवासी भागांपुरती. कमतरता आहे ती ही जाण एका जागी आणून कायम करण्याची. पाऊस कृषी आणि महसूल खाते मोजते, वजन महिला व बालविकास खाते घेते, जुलाब आरोग्य खाते बघते, मजुरी रोजगार हमीकडे आहे, खावटी आदिवासी विकासकडे होती. म्हणूनच हे पत्र एखाद्या खात्याच्या सचिवांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे. पाणीटंचाईचा कृती आराखडाच बघा: ऑक्टोबरपासून तीन टप्प्यांत तो चालतो आणि ३० जूनला संपतो. टँकर थांबतात आणि दुसऱ्याच दिवसापासून ज्या टंचाईचा हंगाम सुरू होतो, तिला कुठलाच आराखडा नाही. पैसेवारी काढताना आपण भात, ज्वारी, तूर, कापूस यांची स्थिती गावोगाव तपासतो, सप्टेंबरात नजर पैसेवारी आणि डिसेंबरात अंतिम पैसेवारी जाहीर करतो. त्याच गावच्या अंगणवाडीतली वजने त्या वेळी कोणीही मागत नाही.

मग करायचे काय? राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. २०२१पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर मुलांची वजन-उंची महिन्याच्या महिन्याला भरली जाते. हे दोन आकडे मंडळवार एकत्र ठेवायला नवीन उपकरण लागत नाही, अंगणवाडी सेविकेला नवे रजिस्टरही लागत नाही. तिच्यावर आधीच पुरेसे ओझे आहे. मंडळात २१ दिवसांचा खंड पडला, किंवा अतिवृष्टीने पीक गेले आणि रस्ते तुटले, की त्या मंडळातल्या सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आणि गरोदर-स्तनदा मातांचा आहार आपोआप वाढावा, दुसऱ्या मंजुरीची वाट न बघता, आणि तो पुढचे नवे पीक येईपर्यंत वाढलेलाच राहावा. ही झाली वाईट वर्षाची तरतूद. जव्हार-मोखाडा, मेळघाट, धडगाव-अक्कलकुवा, भामरागड अशा भागांत चांगल्या वर्षीही दर पावसाळ्यात हीच वाढ व्हावी. आवणीच्या पाच-सहा आठवड्यांत अंगणवाडी आईच्या कामाच्या वेळेइतकी उघडी राहावी, तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे दिवसभर ठेवून तीन वेळा खाऊ घातले जावे. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावातल्या बायकांकरवी अशा फुलवाऱ्या चालवून दाखवल्या आहेत. सात वर्षांच्या बहिणीची शाळाही त्याने वाचते. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसात करता येतील अशी रोजगार हमीची कामे, रोपलागवड, रोपवाटिका, पाड्यांवरच्या बांधकामासाठी साहित्याची जुळवाजुळव, आधीच मंजूर करून ठेवावीत.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. गांबियाचे आकडे पुन्हा बघावेत: यातला मोठा भाग जास्त खर्चाचा नाही, असलेला खर्च योग्य महिन्यात करण्याचा आहे. जो खरोखर जादा लागेल तो जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून थोडा वाटा आधीच बाजूला ठेवून भागवता येईल, जेणेकरून जिल्हाधिकाऱ्याला ऐन भाद्रपदात मुंबईकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. खंड पडला, आहार वाढवला आणि नंतर पाऊस छान झाला तर? तर काही हजार मुलांनी दोन महिने एक अंडे जास्त खाल्लेले असेल. उलट बाजूची चूक झाली तर दुसऱ्या वर्षात बुडालेले सेंटिमीटर परत आणता येत नाहीत. या दोन चुकांचे वजन सारखे धरू नये.

मोजणीबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहितो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या लुकड्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६मध्ये २५.६ टक्के होते आणि २०१९-२१मध्येही २५.६ टक्केच. त्यातल्या अतितीव्र कुपोषित मुलांचे प्रमाण ९.४वरून १०.९ टक्क्यांवर गेले. हे आकडे गंभीर आहेत; पण सर्वेक्षण कित्येक महिने चालते, एका जिल्ह्यात ते पावसाळ्यात होते आणि दुसऱ्यात सुगीनंतर. ज्या मोजमापावर महिन्याचा इतका प्रभाव असतो, ते महिना न सांगता एकमेकांशी ताडून जिल्ह्यांना शाबासकी देणे किंवा दटावणे अन्यायाचे आहे. ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच व्हावी. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी कित्येक वर्षांपूर्वी दाखवून दिले होते, की गावांच्या पाहणीला अधिकारी आणि अभ्यासक कोरड्या ऋतूत, रस्ते सुकलेले असताना जातात, आणि भूक, आजार, कर्ज आणि कष्ट एकत्र येतात ते दिवस त्यांच्या नजरेतून सुटतात. आपल्याकडच्या दौऱ्यांच्या तारखा एकदा काढून बघाव्यात. त्यात आता पाऊसही बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. खंड आणि अतिवृष्टी एकाच हंगामात येण्याचे दिवस आहेत. सरासरी भरली म्हणून मूल पोटभर जेवले असे आता धरता येणार नाही.

आपल्याकडे माझी तातडीची मागणी लहान आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी महसूल, कृषी, महिला व बालविकास, आरोग्य, आदिवासी विकास आणि रोजगार हमी या खात्यांच्या सचिवांना एकत्र बसवून एक शासन निर्णय काढावा. किती दिवसांचा खंड किंवा किती मिलिमीटर पाऊस झाला की कोणत्या मंडळात बालकांचा आहार वाढेल, आणि तो आदेश कोणाच्या सहीने त्याच आठवड्यात निघेल, एवढे त्यात लिहिलेले असावे. सुरुवात सगळ्या राज्यात करण्याची गरज नाही. पालघर, नंदुरबार, अमरावती आणि गडचिरोली हे चार जिल्हे पहिल्या वर्षी पुरेत. सप्टेंबरच्या नजर पैसेवारीसोबत त्या जिल्ह्यांतल्या तीन वर्षांखालच्या मुलांची ऑगस्टमधली वजने, मागच्या ऑगस्टच्या वजनांशेजारी मांडून, गावनिहाय जाहीर करावीत.

आपला,
एक नागरिक